राख आमची, उकिरडा त्यांचा

खोली दाखवून झाली. पुण्याचा घरमालक असता तर त्याने माझं गोत्र, नोकरी आणि पाहुणे किती येतात हे विचारलं असतं, वर नळाच्या वेळा ऐकवल्या असत्या. यांनी यातलं काही केलं नाही. ओट्यावर काठी आपटली आणि म्हणाले, "भाड्याचं मंग पाहू. पहिले हे सांगा, तुमचा कचरा कोनाचा?"

"कोणाचा म्हणजे? कचरा काय कोणाचा असतो?"

"असते नं राजेहो! खोलीत राहसान तुम्ही, चूल पेटवसान तुम्ही, पन राख माही. भाजीचे देठं माहे, शेंगायचे फोलं माहे. दुसऱ्याच्या उकिरड्यावर एक काडी गेली नाई पाह्यजे. कबूल असन तं सामान आना."

मी तिथल्या तिथे कबूल म्हटलं. केरकचऱ्यावर हक्क सांगणारा घरमालक भेटला, म्हणजे आपल्याला चांगलाच वेडा गाठ पडला, असं वाटून मी मनातल्या मनात खूष झालो. त्या गावात वेडा कोण, हे कळायला मला पुढे फार दिवस लागले नाहीत.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. हुकूम नागपूरहून यायचे, आणि मुंबई इलाख्यातून आलेला माणूस म्हणजे परमुलखातला पाहुणा. मलकापूरला गाडीतून उतरून, मोताळ्याच्या पुढे धूळ खात मोटारीने त्या गावाला पोचलो तेव्हा माझ्याकडे एक ट्रंक, एक बायको, सॅनिटरी इन्स्पेक्टरच्या परीक्षेचं सर्टिफिकेट आणि एक खाकी हॅट होती. यांतली बायको सोडली तर बाकी काहीच त्या गावाच्या उपयोगाचं नव्हतं. निघताना पुण्यात चुलते म्हणाले होते, "एवढं शिकून शेवटी कचरा उचलणार?" मी ताठ मानेने उत्तर दिलं होतं, "उचलणार नाही, उचलवणार!"

गावच्या कमिटीने घरोघरचा कचरा गोळा करायची नवी योजना काढली होती आणि त्यासाठी माझी जागा निर्माण केली होती. एक बैलगाडी घेतली, तिला पत्र्याची पेटी बसवली, हिरवा रंग दिला. गाडीला घंटा बांधायची कल्पना माझी. पुण्यातही घंटा नव्हती, म्हणून मला तिचा फार अभिमान होता. घंटा वाजली की बायांनी टोपल्या घेऊन बाहेर यायचं, कचरा पेटीत टाकायचा, गाडीने तो गावाबाहेर खणलेल्या खड्ड्यात नेऊन रिचवायचा. कागदावर योजना इतकी सुंदर होती की ती वाचताना मलाच भरून यायचं. जागा मात्र कच्ची होती. गाडी चालली तर मी कायम, नाही चालली तर पुन्हा चुलत्यांच्या दारात.

तर हे माझे घरमालक. वयाने साठीकडे झुकलेले, अंगाने कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीसारखे, डोक्याला मळकट पटका. नदीकाठी चांगली काळीभोर जमीन. खाऊनपिऊन सुखी माणूस. पण सकाळी उठल्यावर माणूस देवाकडे जातो तसे ते आधी घरामागे उकिरड्याकडे जायचे. काठीने चार ठिकाणी टोचून बघायचे, मूठभर उचलून नाकाशी न्यायचे, आणि मग चहा. खुशीत असले की मला "पुनेकर" म्हणायचे, रागात असले की "इन्स्पेक्टरसाहेब".

पहिल्याच सकाळी मला साहेब म्हणायची संधी आम्ही त्यांना दिली. घरामागे उकिरडा एक नसून दोन होते, एकाला एक लागून. मधे दगडांची ओळ होती. आम्ही पडलो पुण्याचे, आम्हाला तो एकच ढीग दिसला. बायकोने चुलीतली राख नेऊन जवळच्या उतारावर ओतली, आणि तो उतार निघाला धाकट्या भावाचा. वाटणी झाल्यापासून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. मालक टोपलं घेऊन धावले आणि दगडांवरून वाकून आमची राख उचलू लागले. पलीकडून भाऊ ओरडला, "पडली ते पडली! माह्या जागेत पडली ते माही!" इतक्या वर्षांनी सख्खे भाऊ बोलले ते आमच्या राखेमुळे. त्यानंतर जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

"इन्स्पेक्टरसाहेब," मालक धापा टाकत मला म्हणाले, "त्याच्या वावरात माह्या भाडेकरूच्या राखेनं कपाशी आली, तं मी तोंड कुठी दाखवू?"

मी त्यांना समजावलं की राख ही राख असते. हे वाक्य मी एखाद्या सोनाराला सोनं म्हणजे पिवळा दगड असं सांगावं तशा सुरात म्हटलं असणार, कारण त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि बायकोला म्हणाले, "सूनबाई, तुम्ही ध्यानात ठेवा. याह्यच्यानं होनार नाई."

बायकोने ध्यानात ठेवलं. ती त्या घरात चटकन रुळली, भाषेसकट. त्या मुलखाची रीत तिनेच मला शिकवली, आणि तिला मालकीणबाईंनी. चुलीची राख, गोठ्यातला केर, गुरांनी तुडवलेला कडबा, भाजीपाल्याचे देठ, सगळं उकिरड्यावर. वर्षभर ते तिथे कुजायचं, उन्हाळ्यात गाड्या भरून वावरात जायचं. बाकी कशालाच कचरा म्हणत नसत. फाटक्या लुगड्याची वाकळ, फुटक्या माठात कोंबड्यांचं पाणी, करवंटीची पळी, काचा कुंपणाच्या भिंतीवर, रिकाम्या डब्याचं माप. रद्दी तर वाण्याच्या दारात उभी राहायच्या आत पुडी व्हायची. थोडक्यात, मी कचरा गोळा करायला अशा गावात आलो होतो जिथे कचरा नव्हता.

मालकांना उकिरड्यावरून घर वाचता यायचं. ओट्यावर बसून, मी ऑफिसला निघालो की जाहीर करायचे, "काल दाय लागली वाटते बुडाले?" डाळ खरोखरच लागलेली असायची, आणि का लागली तेही त्यांना कळलेलं असायचं, कारण त्या दिवशी आम्ही भांडलेलो असायचो. आम्ही एकदा घरातल्या घरात सत्यनारायण उरकला. दुसऱ्या दिवशी केळीचे खांब दिसल्यावर ते चार दिवस माझ्याशी "साहेब" होते. चोरून काही खायची तर सोयच नव्हती. आंब्याची कोय कोणत्या आंब्याची, हेसुद्धा ते ओळखायचे आणि वर म्हणायचे, "महाग घेतले. मले सांगतले असते तं आनून देल्ले असते."

एकदा भाच्यासाठी मुलगी पाहायला ते सोनाळ्याला गेले. मुलीकडच्यांनी सतरंजी घातली, पोहे केले. मालक आत बसेनात. "पोरगी मंग पाहू. पहिले उकिरडा दाखवा." मुलीचा बाप चक्रावला, पण वरपक्षापुढे काय बोलणार, नेलं त्याने मागच्या दारी. मालकांनी काठीने थोडं उकरलं, त्यात ज्वारीचे दाणे आणि अर्धी भाकर निघाली. पोहे न खाताच मंडळी परत. मी हे ऐकून खूप हसलो. मग मला कळलं की पंचक्रोशीतले लोक सोयरीक ठरवण्याआधी यांना मुद्दाम सोबत नेतात. मी हसायचा थांबलो, कारण एकटाच हसत होतो.

दिवाळीत ते उकिरड्यावर दिवा ठेवायचे. तसा तो सगळेच ठेवतात, पण हे ठेवून हात जोडून उभे राहायचे. मी माझ्या सर्टिफिकेटला जागून रोगजंतूंबद्दल दोन शब्द बोललो. ते म्हणाले, "असतीन नं. लक्ष्मीच्या घरी सगयेच राह्यतात."

इकडे माझी हिरवी गाडी घंटा वाजवत गावभर फिरत होती आणि रिकामी परत येत होती. पहिल्या दिवशी घंटा ऐकून बाया बाहेर आल्या. मला वाटलं, जिंकलं. एका म्हातारीने पेटीत डोकावून विचारलं, "काय विकून राह्यले बाबू?" मी म्हटलं, "विकत नाही आजी, कचरा न्यायला आलोय." "फुकट?" "फुकट." म्हातारी हसली आणि शेजारणीला म्हणाली, "पाह्यलं का वं, कसे लबाड हायेत! फुकट न्यायले आले!" आख्ख्या गल्लीला खात्री पटली की कमिटीचा लोकांच्या खतावर डोळा आहे. त्यानंतर गाडी आली की लोक उकिरड्याकडे राखणीला जाऊ लागले. एका घरातून एक फुटका रांजण मिळाला, तो दुसऱ्या दिवशी परत मागून नेला. गावाबाहेरच्या खड्ड्यात शेळ्या बसायच्या. सावली चांगली होती.

शेवटी मी बाजाराच्या दिवशी दवंडी देऊन भाषण ठेवलं. हॅट घातली, ओट्यावर चढलो, आणि कचरा हा रोगाचा बाप, घाण ही त्याची आई, असं शुद्ध पुणेरीत सुरू केलं. मध्येच आमचे घरमालक उभे राहिले.

"साहेब, कवापासून कचरा कचरा म्हनून राह्यले, तं तो कसा दिसते हे एक डाव दाखवा तरी. आमच्या गावात कोनी पाह्यला नाई."

मी चहूकडे नजर फिरवली. भर बाजार, पण जमिनीवर दाखवण्यासारखं काही सापडेना. एवढ्यात एक टरबुजाची साल दिसली. "ती पाहा!" मी गरजलो. लोकांनी माना वळवल्या, तेवढ्यात शेळीने ती उचलली. बाजार इतका हसला की बैल बुजले. कमिटीचे प्रेसिडेंटही हसत होते, पण हसून झाल्यावर ते मला म्हणाले, "इन्स्पेक्टर, असं चालणार नाही. डिप्टीसाहेब खड्डा पाहायला येणार आहेत. खड्डा रिकामा दिसला तर योजना बंद. मग तुम्हाला ठेवून आम्ही काय करू?"

या गडबडीत मालकांनी मला एकदा ओट्यावर थांबवलं आणि म्हणाले, "पुनेकर, पेढे कवा देता?"

"कशाचे?"

"चिंचोके वाढले की हो उकिरड्यावर."

मी चिंचोक्यांचा आणि पेढ्यांचा संबंध लावीत ऑफिसला गेलो. संध्याकाळी बायकोला सांगितलं तेव्हा ती लाजून आत पळाली. मी बाप होणार ही बातमी मला घरमालकाच्या उकिरड्याकडून कळली. असं भाग्य पुण्यात माझ्या कोणत्याही मित्राला लाभलं नसेल.

मग मात्र माझी झोप उडाली. एकटा असतो तर चुलत्यांची बोलणी खात पडलो असतो. त्यांच्या दोन खोल्यांत आधीच माणसं भिंतीला टेकून झोपत होती, आणि चुलती कशी होती ते मला माहीत होतं. अशा दिवसांत बायकोला तिथे कसं न्यायचं? डिप्टीसाहेबांची तारीख आली तसा मी जेवेनासा झालो. अर्थात हेही मालकांना आधी कळलं.

"भाकर टाकून देल्ली काल. काऊन?"

मी सगळं सांगून टाकलं. खड्डा, डिप्टीसाहेब, नोकरी.

"मंग जा पुन्याले," ते म्हणाले. "तिकडं कचरा मोप सापडते." आणि मग, "सूनबाईले कुठी ठेवसान?"

"चुलत्यांकडे. दुसरं कोण आहे?"

 ते उठून घरामागे गेले आणि अंधार पडेपर्यंत उकिरड्यापाशी उभे राहिले. वैशाख लागला होता. वर्षभराचं खत पिकून तयार होतं, चार-दोन दिवसांत गाड्या वावरात जायच्या होत्या. त्या वर्षीचं खत कधी नव्हे इतकं चांगलं उतरलंय, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवत होते.

डिप्टीसाहेब यायच्या दिवशी मी सकाळीच हॅट घालून खड्ड्याकडे निघालो. अपमान व्हायचा तर वेळेवर व्हावा, एवढी शिस्त माझ्या अंगी होती. खड्ड्याशी पोचलो आणि पाहतो तर खड्डा काठोकाठ भरत आलेला. शेळ्या बाजूला उभ्या राहून तक्रारीच्या सुरात ओरडत होत्या. कमिटीची हिरवी गाडी आणि मालकांची घरची गाडी आळीपाळीने येत होत्या, आणि पटका कमरेला बांधून मालक स्वतः फावड्याने गाडी खाली करत होते. काळंभोर, भुसभुशीत, वर्षाचं पिकलेलं खत.

"अहो, हे काय करता?"

"तुमचं काम."

"पण हे तुमचं... आता वावरात काय घालणार?"

"बोलू नका. टोपी नीट करा, साहेब येऊन राह्यले."

"पण का?"

"तुम्ही गेले तं असा भाडेकरू कुठून आनू? सूनबाईच्या हातची राख चांगली पडते," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता फावडं मारत राहिले.

मोटार आली. प्रेसिडेंट, मेंबर, मागून निम्मं गाव. डिप्टीसाहेब नागपूरहून आलेले, मध्यप्रांताच्या हिंदी मुलखातले, मोठे बारीक नजरेचे गृहस्थ. त्यांनी खड्ड्यात छडी खुपसली, चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली. शेतकऱ्याच्या पोटचा माणूस असावा.

"यह तो खाद है," ते म्हणाले. "अच्छी पकी हुई खाद. कचरा कहाँ है?"

प्रेसिडेंटनी माझ्याकडे पाहिलं. मी हॅट काढून तिच्याकडे पाहिलं. खत म्हणावं तर माझी गाडी आजच बंद, कचरा म्हणावं तर माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? परीक्षेत याचा धडा नव्हता.

"किसका है यह?" डिप्टीसाहेबांनी विचारलं.

मालक पुढे झाले. "माहं होय साहेब."

"खाद है ना?"

तिथे उभा असलेला प्रत्येक माणूस शेतकरी होता. प्रत्येकाला दिसत होतं ते काय आहे. त्यांत धाकटा भाऊही होता. ज्या मालकांनी अर्धी भाकर सापडली म्हणून सोयरीक मोडली, भर बाजारात मला कचरा दाखवा म्हणून उभं केलं, ते काय बोलतात इकडे सगळ्यांचे कान लागले होते. मालकांनी एकदा खड्ड्याकडे पाहिलं. मग पटका सोडून हातात घेतला.

"नाई साहेब," ते म्हणाले. "कचराच होय. घरचा कचरा. आमच्या काय कामाचा!"

कोणी हसलं नाही. भाऊसुद्धा नाही. हे वाक्य गावातल्या एका तरी माणसाच्या तोंडून निघावं म्हणून मी इतके दिवस घंटा वाजवत फिरलो होतो. निघालं तेव्हा मला ते ऐकवेना. मी पुढे होऊन खरं सांगून टाकायला हवं होतं असं माझ्या मनात आलं, पण मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हॅट पुन्हा डोक्यावर चढवली.

डिप्टीसाहेब क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं नसेल असं मला अजूनही वाटत नाही. मग त्यांनी छडी पुसली आणि प्रेसिडेंटना म्हणाले की काम ठीक चाललं आहे, खड्ड्यावर माती ओढून घ्या, आणि इन्स्पेक्टरला कायम करा. लोकांनी माती ओढली. वर्षाचं खत कमिटीचं झालं. मालक गर्दीतून निघून एकटेच घरी गेले, रिकाम्या गाडीत न बसता, गाडीच्या मागून चालत.

मी संध्याकाळी घरी आलो. हातात पेढे होते, पण ते कोणाला द्यावे हे सुचेना. घरामागे गेलो. उकिरड्याच्या जागी नुसती ओली, उघडी जमीन होती आणि कोंबड्या तिच्यावर गोंधळल्यासारख्या फिरत होत्या. बायको चुलीतल्या राखेची टोपली घेऊन उभी होती. बराच वेळ उभी असावी. तिला ती राख तिथे टाकवत नव्हती.

मालक मागल्या दारी बसले होते. आम्हा दोघांना तसं उभं पाहून म्हणाले, "टाका नं सूनबाई. बाकी कशाची वाट पाह्यता? जागा आता मोकयीच हाय."

तिने टोपली उपडी केली. त्या एवढ्या मोठ्या जागेत आमची मूठभर राख. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. राख उडाली डोळ्यांत, असं मी बायकोला म्हटलं.

"वारा कुठी सुटला हो?" ती म्हणाली.